परिशिष्टातलं सतरावं नाव

पेण
९ नोव्हेंबर १९९४

चि. सुनीतीस अनेक आशीर्वाद.

दिवाळीला तुम्ही तिघं आला नाहीत म्हणून मामी अजून रुसलेली आहे. ऋजुतासाठी ठेवलेल्या करंज्या शेवटी मीच संपवल्या, त्यामुळे माझी स्वतःची काही तक्रार नाही.

आता कामाचं. पुण्याचं उद्यमग्रंथ प्रतिष्ठान दर वर्षी व्यापार-उद्योगावरच्या उत्तम मराठी पुस्तकाला पुरस्कार देतं. यंदाच्या तिघा परीक्षकांत मी आहे. बत्तीस वर्षं पेणच्या मुलांना वाणिज्य शिकवलं, त्याचं हे फळ. टपालानं चौदा पुस्तकं आली. गृहिणींसाठी शेअर बाजार यावर तीन, कोंबडीपालनावर दोन, आणि एका गृहस्थांनी तर आपल्या लोणच्याच्या कारखान्याची दोनशे पानी जाहिरातच केली आहे.

पण एक पुस्तक असं निघालं की मामी दोनदा जेवायला हाक मारून गेली तरी मी उठलो नाही. ‘शून्य खाडा’. लेखक हैबतराव, म्हणजे तुमच्याच रोह्याच्या कंपनीचे मॅनेजर, जावईबापूंचे साहेब! कामगार खाडा का करतो, तो न करावासा वाटायला मालकानं काय करावं, असा विषय. भाषा साधी, आकडे चोख. पाचव्या प्रकरणात २२ जुलै ९३चा दिवस आहे. कुंडलिका नदीचं पाणी अष्टमी गावच्या पुलाला लागलेलं, एसटी बंद, आणि पहिल्या शिफ्टची बावन्नच्या बावन्न माणसं कामावर हजर! ‘भीतीनं माणूस वेळेवर येतो, मायेनं तो पुरातून येतो,’ असं वाक्य आहे. मी त्याखाली लाल रेघ मारली.

तू त्या दिवशी रोह्यातच होतीस. गाव कसं दिसत होतं, माणसं कशी गेली, चार ओळी लिहून पाठव. ७ जानेवारीला पुण्यात परीक्षकांची बैठक आहे. माझ्या शिफारशीला तेवढाच जिवंतपणा येईल.

जावईबापूंना नमस्कार.

तुझा
मोरूमामा


रोहा
१७ नोव्हेंबर १९९४

ती. मोरूमामा आणि मामी यांना सा. न.

पत्र मिळालं. मामीला म्हणावं, रुसू नकोस, नाताळच्या सुट्टीत ऋजुताला घेऊन येते.

त्या दिवशी पाणी आलं होतं हे खरं. आमच्या शाळेला सुट्टी दिली होती. बाजारपेठेतल्या दुकानदारांनी माल माळ्यावर चढवला होता. बाकी माणसं कामावर गेली असतील, मी काही कंपनीच्या गेटवर उभी नव्हते. ‘यांना’ यातलं काही विचारू नका, सध्या पित्तानं हैराण आहेत. ऑफिसचा विषय काढला की जेवण टाकून उठतात.

मामा, चौदांत दुसरं एखादं पुस्तक नाही का? कोंबडीपालनाचं निदान कुणाच्या उपयोगाला तरी येईल. आणि यालाच बक्षीस द्यायचं असेल तर द्या, पण शेवटच्या त्या परिशिष्टाचा उल्लेख करू नका. गरीब माणसांची नावं अशी छापून मिरवणं मला बरं वाटलं नाही.

ऋजुताचे सहामाहीचे गुण चांगले आलेत.

सुनीती


पेण
२३ नोव्हेंबर १९९४

चि. सुनीतीस अ. आ.

परिशिष्टाचं मी नावही काढलं नव्हतं. म्हणजे पुस्तक तुमच्या घरी आहे आणि तू ते शेवटच्या पानापर्यंत वाचलं आहेस. मग ‘असतील, नसतील’ अशी उत्तरं का देतेस?

स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. जावईबापूंना बरीच वर्षं बढती नाही, हे मला माहीत आहे. साहेबाचं नाव व्हायला लागलं की खालच्याला टोचतं, हा मनुष्यस्वभाव आहे. पण पुस्तक चांगलं आहे ते आहेच.

आणि ते परिशिष्ट तर पुस्तकाचा प्राण आहे. त्या दिवसाच्या मस्टरचं पान जसंच्या तसं छापलंय. बावन्न नावं, प्रत्येकापुढे ‘ह’. लिहिणाऱ्याचं अक्षर काय सुंदर आहे! माझ्या उभ्या आयुष्यात एवढ्या स्वच्छ वह्या दोन-तीनच विद्यार्थ्यांच्या पाहिल्या. मी ठरवलंय, शिफारशीत ती बावन्न नावं जशीच्या तशी द्यायची. काल सकाळी अंगणात बसून मोठ्यानं वाचून पाहिली. मामी तांदूळ निवडत होती. म्हणाली, “आता कुणाची हजेरी घेताय? तुमच्या वर्गात कोण राहिलंय?”

मी हसलो. पण तिचं बोलणं दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

मोरूमामा


रोहा
१ डिसेंबर १९९४

ती. मोरूमामा,

ती नावं पुन्हा मोठ्यानं वाचू नका. विनंती आहे.

बढतीबद्दल तुम्ही लिहिलंत त्याचा राग आला नाही. तसं असतं तर बरं झालं असतं, असंच वाटलं.

तुमच्यासमोर पुस्तक असेल तर सतरावं नाव बघा. नाथा काळुराम म्हात्रे. गडब गावचा. वय एकोणतीस. बाप लहानपणीच गेला, आई धोंडुबाईनं मिठागरावर राबून वाढवला. १७ जुलैला त्याला टाकी धुवायला आत उतरवलं. आतली हवा तपासलेली नव्हती. वर काढला तेव्हा डोळे उघडे होते आणि बोलत होता, म्हणून संध्याकाळी कंपनीच्या जीपनं घरी सोडला. “दोन दिवस आराम कर,” म्हणाले. तो घरी धापा टाकत पडून होता. २० तारखेला मी त्याला पाहायला गेले होते. कंपनीतल्या माणसाचं दुखणं म्हणून संत्री घेऊन गेले. उताणं निजता येत नव्हतं, भिंतीला टेकून बसला होता. मला म्हणाला, “बाई, सायबांना सांगा, सोमवारी येतो.”

२२ तारखेला सकाळी सातच्या सुमाराला तो गेला. तेव्हा पहिली शिफ्ट सुरू झाली होती आणि मस्टरवर त्याच्यापुढे ‘ह’ लागलेला होता.

आधीच्या चार दिवसांचाही लागला होता. कामावर असताना जखमी झालेला माणूस दुसऱ्या दिवशी गैरहजर दिसला की अपघात धरावा लागतो. हजर दिसला की नाही. कंपनीच्या गेटवर पाटी आहे, अपघाताशिवाय इतके दिवस. तो आकडा मोडायचा नव्हता. ३१ तारखेपर्यंत त्याला हजर ठेवला आणि १ ऑगस्टला राजीनामा दाखवला. हैबतरावांना पुस्तकात बावन्नपैकी बावन्न हवे होते. एकावन्न म्हटलं की गोष्ट होत नाही.

गाव बोललं नाही, कारण त्याच महिन्यात गडबच्या तिघांना कंपनीत घेतलं.

हे मी तुम्हाला लिहिलं हे कुणाला सांगू नका. ‘यांना’ तर नाहीच नाही.

सुनीती


पेण
११ डिसेंबर १९९४

चि. सुनीतीस,

आशीर्वाद लिहायचा राहिला, तो इथे लिहितो.

तुझ्यावर अविश्वास नव्हता, पण परीक्षक म्हणून स्वतः पाहणं माझं काम होतं. काल सकाळच्या नागोठण्याच्या एसटीनं गडबला उतरलो. धोंडुबाईचं घर चटकन सापडलं. ती दारात सुकत घातलेलं भात राखत बसली होती. मी पेणचा मास्तर, एवढंच सांगितलं. तिला वाटलं मी कंपनीचा माणूस.

मला म्हणाली, “तुमी आलाव ते बरं जालं. माज्या पोराला सोडा आता.”

मला कळेना. म्हटलं, “कुठून सोडू, बाई?”

“कंपनीतून. शेजारच्या गोविंदानं कागद वाचून दावला. एकतीस तारखेपरत कामाला होता, आसा लिवलाय. मी तर त्याला बावीसलाच पोचवला, पानी थांबायची वाट बगत बगत. मंग कामाला कोन जात होता? दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला. कावळं तिवरांवर बसून र्‍हायलं, एक खाली उतरला नाय. दुपार जाली. भटजी बोलला, पोराचा जीव कशात अडकलाय? मला काय म्हाइती! कागद आला तवा समजला. ड्युटीवर हाय तो. सुट्टी दिली नाय त्याला कुनी, येल कसा?”

मी बत्तीस वर्षं ताळेबंद शिकवला, गो सुनीती. शेवटी तिलाच विचारलं, “मी काय करू?”

“त्याचं नाव काढा. हजर लिवलाय तिथं मेला म्हून लिवा. म्हंजे येल त्याला जाया.”

येताना एसटीत बसलो आणि तेव्हापासून एकच विचार आहे. हैबतरावानं हुकूम दिला असेल. पण हुकूम हवेत विरतो, कागदावर हात चालतो. मेलेल्या माणसापुढे असा वळणदार ‘ह’ काढणारा तो टाइमकीपर कोण? त्याला अन्न कसं गोड लागतं? जावईबापू ऑफिसात आहेत, त्यांना माहीत असणार. मला त्याचं नाव हवं. बैठकीत ते नाव घेऊन मी हे पुस्तक पाडणार आहे.

मोरूमामा


रोहा
१८ डिसेंबर १९९४

ती. मोरूमामा,

त्याला अन्न गोड लागत नाही. मी रोज वाढते, मला ठाऊक आहे.

तो हात ‘यांचा’ आहे.

तुम्हाला ऑफिसात आहेत एवढंच माहीत होतं, कारण टाइमकीपर हा शब्द ‘यांना’ तुमच्यासमोर कमीपणाचा वाटायचा. बावीसच्या सकाळी पाण्यातून कसेबसे पोचले तेव्हा बावन्नपैकी एकवीस माणसं आली होती. हैबतरावांनी फोनवर सांगितलं, सगळे लावा. ‘यांनी’ लावले. नाथा सकाळीच गेला होता, हे ‘यांना’ दुपारी कळलं. तेव्हा खोडता आलं असतं. खोडलं नाही. अक्षर सुंदर आहे असं तुम्ही लिहिलंत ना, ते पत्र मी लगेच फाडलं.

आता जे आहे ते सगळंच लिहिते. सतरा नंबरचा बिल्ला आता जनूला मिळालाय, गडबच्या त्या तिघांतला एक. सकाळी ‘हे’ हजेरी घेतात. सोळापर्यंत बरोबर, आणि सतराला ‘नाथा काळुराम’ म्हणतात. स्वतःच्या ते ध्यानातही येत नाही. आणि जनू ‘हजर’ म्हणतो. रोज. नोकरी कशामुळे मिळाली हे त्याला माहीत आहे, तो काय दुरुस्ती करणार! बाकीचे खाली बघतात. हे मला अष्टमीच्या बाजारात रघू फिटरच्या बायकोनं सांगितलं. भाजी घेता घेता माझ्या हाताला धरून म्हणाली, “वहिनी, साहेबांना जरा देवाचं बघा. रोज सकाळी मेलेल्याला हाक जाते नि तो ओ देतो. आमच्या घरचा माणूस भिऊन डबा तसाच परत आणतो.”

मी घरी येऊन ‘यांना’ विचारलं. म्हणाले, “काहीतरीच. मी जनूच म्हणतो.” आणि खरंच तसं वाटतंय त्यांना.

मामा, नाव घेतलंत तर हैबतरावांचं काही होणार नाही. त्यांची कुठे सही नाही. ‘यांची’ नोकरी जाईल, वर खोटं लिहिल्याची केस. ऋजुता नऊ वर्षांची आहे. मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही. आई गेल्यावर तुम्हीच माझं सगळं केलंत. आता एवढंच मागते, गप्प बसा.

नाताळात येत नाही. मामीला काहीतरी कारण सांगा.

सुनीती


पेण
१० जानेवारी १९९५

चि. सुनीतीस अ. आ.

मी गप्प बसलो.

तुला हेच हवं होतं, म्हणून आधी हे वाक्य लिहिलं. आता बाकीचं ऐक.

बैठक बरोबर अकराला सुरू झाली. चहा, बटाटेवडा. दुसरे दोघे परीक्षक भले लोक आहेत. एकांनी पाचवं प्रकरण वाचून दाखवलं, आणि वाचताना त्यांचा आवाज भरून आला. अध्यक्ष म्हणाले, “मोरोपंत, तुम्ही त्या भागातले. तुमचं काय मत?”

मी म्हटलं, “या पुस्तकाला देऊ नये.”

“कारण?”

कारण माझ्या जिभेवर होतं. मला ऋजुता दिसली. मी म्हटलं, “मला पटत नाही.” इतकंच. बत्तीस वर्षं पोरांना ‘कारणे द्या’ म्हणून उत्तरपत्रिकेत गुण कापणारा मी! दोन विरुद्ध एक, पुरस्कार ‘शून्य खाडा’ला. फेब्रुवारीत समारंभ आहे. मानपत्र मी लिहावं असा आग्रह झाला, ते मात्र नाकारलं आणि परीक्षकपदाचा राजीनामा देऊन आलो. म्हातारा चक्रम झाला, असं त्यांना वाटलं असणार.

परतीची गाडी गडबवरून जात नाही हे नशीब समजलो. असा विचार मनात यावा याचीच लाज वाटते.

तुला दोष देत नाही. जावईबापूंबद्दल जे कठोर लिहिलं ते मागे घेतो. माझाही हात आता तसाच चालला आहे. पण ती बाई दारात बसून मला म्हणते आहे, सोडा त्याला. जेवताना म्हणते, पेपर वाचताना म्हणते. मामीला सगळं सांगितलं. ती उठून देवापाशी जाऊन बसली.

हे पत्र फाड.

मोरूमामा


रोहा
२८ जानेवारी १९९५

ती. मोरूमामा आणि मामी यांना सा. न.

तुमचं पत्र मी फाडलं नाही. का ते ठाऊक नाही. शाळेच्या पिशवीत ठेवलं होतं. रविवारी ऋजुतानं पेन्सिल शोधायला पिशवी उपडी केली आणि ते ‘यांच्या’ हातात पडलं. त्यांनी ते वाचलं आणि कपाटातली तुमची बाकीची पत्रंही मागून घेतली. गडबचं पत्र दोनदा वाचलं. मग मला विचारलं, “मी खरंच नाथाला हाक मारतो?” मी हो म्हटलं. चार दिवस घरात फक्त ऋजुताचा आवाज होता.

परवा सव्वीस जानेवारीला कंपनीत झेंडावंदन. पुरस्काराची बातमी आलेली, म्हणून घरच्यांनाही बोलावलं होतं. पेढे होते, माइक होता. बावन्न जणांची नावं वाचायची, एकेकानं पुढे येऊन हैबतरावांच्या हातून गुलाब घ्यायचा, असं ठरलं होतं. नावं वाचायला अर्थातच टाइमकीपर. यादी हैबतरावांनी स्वतः हातात दिली. मी जवळच उभी होते. सतराव्या नावावर पेन्सिलीची बारीक रेघ होती. ते हळूच म्हणाले, “एवढं गाळा. बाकी सरळ वाचत जा.”

‘यांनी’ सरळच वाचलं. सोळा माणसं येऊन गुलाब घेऊन गेली. मग म्हणाले, “नाथा काळुराम म्हात्रे.”

मी जनूकडे बघितलं. त्याचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही.

मग ‘हे’ माइकवरच म्हणाले, “मयत. १७ जुलै त्र्याण्णवला टाकीत गॅस लागला. २२ जुलैला सकाळी घरीच वारला. त्या दिवशी मी त्याला हजर लावला. तो हजर नव्हता.”

हैबतरावांनी माइक बंद करायला सांगितला. तोवर ‘हे’ यादी टेबलावर ठेवून टाइम ऑफिसकडे चालायला लागले होते. जुनं मस्टर काढलं. लाल शाईनं तो ‘ह’ आणि त्यापुढचे ३१ तारखेपर्यंतचे ‘ह’ खोडले, शेजारी ‘मयत’ लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. पहारेकऱ्यानं अडवलं नाही. तो नुसता दारात उभा राहून बघत होता. मग शेजारच्या कोऱ्या कागदावर तीच ओळ उतरवून घेतली, आणि आम्ही तिघं तसेच एसटीनं नागोठण्याला, तिथून गडबला गेलो. वाटेत मी एकदाच म्हटलं, “आता काय होणार?” म्हणाले, “माहीत नाही. भूक लागल्येय.” दीड वर्षात हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. नागोठण्याच्या स्टँडवर तिघांनी मिसळ खाल्ली.

धोंडुबाई घरीच होती. ‘यांनी’ कोण ते सांगितलं, आणि काय केलं होतं तेही सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल, शिव्या देईल. तिनं फक्त विचारलं, “कागद आनलाव?”

‘यांनी’ वाचून दाखवला. तिनं पुन्हा वाचायला लावला. ‘यांनी’ तिसऱ्यांदा वाचायला सुरुवात केली. तेव्हा तिनं हात वर करून थांबवलं. मग कागदावर बोट ठेवून म्हणाली, “आनि ह्या खाली काय लिवलाय?”

“माझं नाव. सही आहे.”

“म्हंजे त्याला सोडवलाव. आता थितं तुमी अडकलाव.”

‘हे’ म्हणाले, “व्हय.”

ती उठून आत गेली. पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो ‘यांच्या’ पुढे ठेवला. आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “गो, त्यांना एकट्याला धाडू नको.”

परवा सोमवारी दहा वाजता चौकशी आहे. वकील कुणी नाही. रघू आणि आणखी सहा-सात जण साक्ष द्यायला येतो म्हणतात, प्रत्यक्षात किती येतील सांगवत नाही. जनू काल संध्याकाळी घरी आला होता. अर्धा तास बसून गेला. मी शाळेत रजेचा अर्ज दिलाय. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’ लिहिलं होतं, ते खोडून खरं ते लिहिलं.

तुम्हाला मी गप्प बसायला लावलं त्याची क्षमा मागते. आता प्रतिष्ठानला जे लिहायचं ते लिहा. नाव घालून लिहा. ‘यांनीच’ सांगितलंय.

सुनीती